सत्तेचाळीस नंबरची काच

मी आठ वर्षं गंजावर काम केलं. लग्नाकार्यात हे सांगायची सोय नाही, म्हणून कुणी पीएच.डी.चा विषय विचारला की ‘सौर ऊर्जा’ म्हणून मी मोकळी होते. समोरच्याच्या डोळ्यांपुढे छतावरच्या निळ्या प्लेटा येतात, तो मान डोलावतो आणि जेवणाकडे वळतो. मलाही तेच हवं असतं.

खरं काम असं. बोटाएवढ्या काचेवर लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच, एक पातळ थर चढवायचा. ती काच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभी करायची, समोर प्लॅटिनमची तार सोडायची, काचेवर दिव्याचा उजेड पाडायचा, आणि त्या उजेडाने पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन किती सुटतो ते विजेच्या प्रवाहावरून मोजायचं. सुटतो. पण इतका कमी की एवढ्यासाठी कुणी आठ वर्षं घालवू नयेत.

झरीला माहेरी गेले असताना एकदा अण्णांना, माझ्या वडिलांना, हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोठ्यावरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

“माय, गंज तर ह्या पत्र्यालाबी हाय. ऊनबी पडायलंय, पाऊसबी पडून गेला. मग हितं का न्हाई काई व्हत?”

माझा प्रगती अहवाल तपासणाऱ्या एकाही परीक्षकाने इतका नेमका प्रश्न विचारला नाही. कारण सगळी गोम तिथेच आहे. उजेड पडला की थराच्या आतला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि काचेच्या बाजूला पळतो. मागे रिकामी जागा उरते, आणि ती रिकामी जागाही चालते. एसटीच्या शेवटच्या लांब बाकावर खिडकीजवळचा उठला की बाकीचे एकेक जागा सरकतात आणि रिकामी जागा हळूहळू दुसऱ्या टोकाला येते, तशी. तिने पृष्ठभागापर्यंत, पाण्यापर्यंत यायचं आणि पाण्याकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा. असं चारदा झालं की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पण गंजाच्या पोटात ही रिकामी जागा दोन-चार नॅनोमीटर चालते न चालते तोच एखादा भटका इलेक्ट्रॉन तिच्यात येऊन बसतो आणि खेळ खलास. पाण्यापर्यंत कुणी पोचतच नाही. आणि दोन-चार नॅनोमीटर म्हणजे काय, तर केसाच्या जाडीचे हजारो तुकडे करावेत आणि त्यातले दोन-चार उचलावेत.

हा रस्ता लहान करायचा, एवढंच माझं काम. थर सपाट न ठेवता गव्हाच्या ताटांसारखा उभ्या बारीक काड्यांचा वाढवायचा, म्हणजे रिकामी जागा कुठेही जन्मली तरी कड जवळ. त्यात टायटॅनियमची चिमूट घालायची. भट्टीत कधी जास्त तापवायचं, कधी कमी. दर काचेला नंबर द्यायचा, मोजायचं, वहीत उतरवायचं आणि मान खाली घालून पुढच्या नंबरला लागायचं.

हे सगळं मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात करत होते. तिथे मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे शिकवलेल्या तासापुरती नोकरी. सुट्टी लागली की मी कुणीच नाही. परभणीहून सकाळची गाडी, दुपारपर्यंत तास, मग लॅब, मग परतीची गाडी, घरी दोन मुलांचा अभ्यास. पदवी हातात पडली तर कायमच्या जागेसाठी अर्ज तरी करता येणार होता. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ मार्चअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द. गेल्या दोन वर्षांत मी इतकी थकले होते की ‘रद्द’ ह्या शब्दाची भीती वाटायची तशी कधीकधी ओढही वाटायची, हे आज कबूल करते.

लॅबमध्ये माझ्याखेरीज एकच माणूस असायचा. आमचे लॅब अटेंडंट. कॉलेजात सगळेच त्यांना मामा म्हणतात. चुडाव्याहून रेल्वेने येतात, निवृत्तीला थोडे दिवस उरलेत. भट्टीचा दरवाजा कसा उचलून लावायचा, दिव्याचा पंखा कुठे थापटला की चालू होतो, हे त्यांनाच ठाऊक. आणि चारच्या ठोक्याला चहा. लॅबच्याच हॉटप्लेटवर, लॅबच्याच बीकरमध्ये. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडच्या सायन्स कॉलेजांत चहा बीकरमध्येच होतो. बीकर तडकत नाही आणि किती कप झाला ते बाजूच्या रेघांवर दिसतं.

मामांचा त्याबाबत कायदा मात्र कडक. चहाचा बीकर वेगळा. त्याच्या बुडाला त्यांनी नातीच्या बाटलीतल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. ठिपक्याच्या बीकरला रसायन लावायचं नाही आणि बिनठिपक्याच्यात चहा करायचा नाही. एकदा प्राचार्यांच्या पाहुण्यांसाठी घाईत कुणीतरी दुसरा बीकर उचलला, तेव्हा मामांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी सगळी काचेची भांडी काढून ॲसिटोनने पुसली. ॲसिटोनने नेलपॉलिश निघतं हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही होतं. पण सव्वीस बीकर पुसताना बुडाखाली कोण बघतं? हात चालत होता, डोकं परतीच्या गाडीत होतं.

सुट्टी संपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सत्तेचाळीस नंबरची काच मोजली. प्रवाह आला तो आधीच्या कुठल्याही काचेच्या तिप्पट. मी उजेड अडवायला पुठ्ठा धरला, प्रवाह पडला. पुठ्ठा काढला, चढला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तोच आकडा. मला आनंद झाला का? झाला असावा. पण पहिल्यांदा जाणवलं ते पाठीतून काहीतरी सैल झाल्याचं. तिथेच स्टुलावर बसून मी डोळे मिटले.

सरांना, माझ्या मार्गदर्शकांना, ग्राफ पाठवला. त्यांचा तासाभरात फोन आला. “आता मोजणं बंद. लिहायला बस.”

मी लिहायला बसले. पाचवं प्रकरण सबंध ह्या एका काचेवर उभं राहिलं. उभ्या काड्यांमुळे रस्ता कसा लहान झाला, टायटॅनियममुळे इलेक्ट्रॉन कसे झटकन बाजूला झाले, रिकाम्या जागा पाण्यापर्यंत पोचून तिथे पाण्याशी त्यांचा व्यवहार कसा चटकन झाला. चाळीस पानं. इतकं सुरेख जुळत गेलं की माझं मलाच कौतुक वाटलं. प्लॅटिनमच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे दिसले होते, पण काचेवर ऑक्सिजनचे मात्र दिसले नव्हते. ते मला तेव्हाच खटकलं होतं. बुडबुडे फार बारीक असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खरी कटकट पुढे सुरू झाली. अठ्ठेचाळीसपासून साठपर्यंतच्या सगळ्या काचा मी तशाच बनवल्या आणि सगळ्या जुन्याच आकड्यावर आल्या. मग सत्तेचाळीसच पुन्हा मोजली. तीही खाली. सर म्हणाले, “काच खराब झाली असेल. थर सुटतो कधीकधी. तसं एक वाक्य घाल.” मी घातलं.

फेब्रुवारीत, बारावीची प्रॅक्टिकल संपली त्या आठवड्यात, मामा सगळी कपाटं उघडून बसले होते.

“काय शोधताय, मामा?”

“माजा चहाचा बीकर, मॅडम. दिवाळीपसून हुडकायलोय. घावंना झालाय. ह्यो नवा घेतलाय खरा, पर त्येच्यात चव न्हाई येत.”

मी हसले. मग हसता हसता माझं लक्ष टेबलावरच्या माझ्या बीकरकडे गेलं. दिवाळीपासून रोज मोजायला तोच घ्यायचे, त्याचं तोंड जरा रुंद म्हणून. उचलून पालथा केला. बुडाच्या कडेला खाचेत, जिथे बोळा पोचत नाही तिथे, एक लाल रेघ होती. आत तांबूस डाग होता, पण माझ्या सगळ्याच बीकरना तांबूस डाग असतात. लोखंडावर काम करणाऱ्या बाईला चहाचा डाग ओळखू येत नाही.

पुढचं सुचायला मिनिटभरही लागलं नाही. मामांच्या चहात साखर रग्गड असते, बुडाशी तशीच राहते. बीकर नीट न धुता त्यात कॉस्टिक सोडा ओतला, की ती साखर माझ्या काचेसमोर येऊन उभी राहते. पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढणं रिकाम्या जागेला जिवावर येतं. साखरेकडून तो चुटकीसरशी मिळतो. प्रवाह वाढतो, उजेडाबरोबर चढतो-पडतो, सगळं खऱ्यासारखं. फक्त जास्तीचं जे काही होतं ते पाणी फुटल्याचं नव्हतं, साखर जळल्याचं होतं.

मी मामांवर ओरडले. कधी नव्हे ते. “तुम्हाला किती वेळा सांगितलं, भांडी धुऊन ठेवत जा म्हणून! दिवाळीनंतरची ती चांगली काच खोटी निघाली! तुमच्या चहापायी माझी आठ वर्षं गेली, मामा. आठ वर्षं!” खरं तर मी त्यांना असं एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच त्यांनी आणली नव्हती. ते बीकर हातात घेऊन उभे राहिले. मग “व्हय मॅडम” म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

मी दार लावून घेतलं. नव्या स्वच्छ बीकरमध्ये ताजं द्रावण केलं, सत्तेचाळीस नंबरची काच त्यात सोडली. प्रवाह खाली, बाकीच्या काचांएवढाच. मग मामांच्या नव्या बीकरमधला गार झालेला चहा चमचाभर त्यात टाकला. आकडा वर सरकत गेला आणि दिवाळीनंतरच्या आकड्याच्या जवळ जाऊन थांबला. थर सुटलेला नव्हता. काच पहिल्या दिवसापासून आजपर्यंत होती तशीच होती.

आणि तेव्हाच दुसरी गोष्ट कळली, ती पहिलीपेक्षा जास्त लागली. साखर मिळताच प्रवाह तिप्पट होतो, याचा अर्थ रिकाम्या जागा पृष्ठभागापर्यंत येतच होत्या. मी ज्या रस्त्यासाठी आठ वर्षं झिजले तो रस्ता झाला होता. अडत होतं ते शेवटच्या पावलाला. कडेपर्यंत येऊन, पाण्याला टेकून, तिथे त्या ताटकळत होत्या आणि मरत होत्या. माझं पाचवं प्रकरण नेमकं उलटं सांगत होतं. मला रडू आलं नाही. नुसता कंटाळा आला, हाडापर्यंतचा.

काच पाण्यातून काढून मी चिमटीत धरली. खाली फरशी. सुटली असती तर हातातून सुटली, एवढंच झालं असतं. ही काच नसती तर तो आकडा खोटा आहे हे जगात कुणालाच दाखवता आलं नसतं. प्रबंध छपाईला जाऊ शकला असता, पदवी मिळाली असती, पुढचं पुढे. मी फार विचार केला असं सोंग आणत नाही. मी जवळजवळ ठरवलंच होतं. माझ्याकडे कारणही चांगलं होतं: चूक माझी नव्हती. मामांनी बीकर धुतला नाही, त्याची शिक्षा मी का भोगायची? मी खोटं बोलले नव्हते, मला खोटं दाखवलं गेलं होतं. ह्या वाक्याने मला इतकं बरं वाटलं की मी ते दोनदा मनात म्हटलं.

काच टाकायच्या आधी वहीत काय काय लिहिलंय ते बघून घ्यावं म्हणून मी लॅबची वही उघडली. आमच्या सरांची एक सवय मला लागली आहे. वहीत फक्त आकडे लिहायचे नाहीत. दिवा किती वाजता लावला, मध्ये लाइट गेली का, खोलीत किती गरम होतं, दार कुणी उघडलं, सगळं लिहायचं. दिवाळीनंतरच्या त्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: ‘चावी ऑफिसातून घेतली, मामा रजेवर. सेहेचाळीस सकाळी. चार वाजता दिवा बंद, चहा. साडेचारला सत्तेचाळीस.’

मी ते तीनदा वाचलं. मामा रजेवर होते. गंगाखेडकडे दिलेली त्यांची मुलगी आणि जावई त्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाले होते आणि नातीला शाळेसाठी आपल्याकडे ठेवून घ्यायला मामा गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ते सांगितलंही होतं. त्या दिवशी लॅबमध्ये मी एकटी होते. चहा मी केला होता. ठिपका मीच पुसलेला, त्यामुळे हाताला येईल तो बीकर घेतला होता. चहा पिऊन मी तो नळाखाली धरला असेल, एकदा हिसळला असेल, आणि गाडीची वेळ डोक्यात असल्याने त्याच बीकरमध्ये सोड्याचं द्रावण ओतलं असेल. ते मला आठवत नाही. आठवू नये इतकी मी त्या दिवसांत दमलेली असायचे.

काच मी कापसात गुंडाळून डबीत ठेवली आणि बाहेर गेले. मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मला बघून उठायला लागले.

“बसा, मामा. त्या दिवशी तुम्ही नव्हताच इथे. दिवाळीनंतर, ती चांगली काच मोजली त्या दिवशी.”

“न्हवतो.”

“तुम्हाला मगाशीच माहीत होतं?”

“व्हय. नातीला आणाया गेल्तो की. इसरंल कसं?”

“मग बोलला का नाहीत? मी इतकं बोलले तुम्हाला.”

त्यांनी उपरण्याने उगाच गुडघा झटकला. “काय बोलायचं, मॅडम. तुमी लय दमलाव. कुनावर तरी टाकल्याबिगर तुमाला उभंच ऱ्हाता आलं नसतं. म्हनलं, टाकू द्या आपल्यावर. मला काय, दोन म्हैन्यानं घरी जायचंय.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं. त्यांच्या शेजारी बसून मला ते वाक्य पुन्हा म्हणता येईना, चूक माझी नव्हती हे. मघाशी किती सहज म्हटलं होतं. माझा सगळा बेत ह्या माणसाच्या चुकीवर उभा होता, आणि ती चूक माझी आहे हे माहीत असूनही तो ती घेऊन बाकावर बसला होता.

मामा उठून आत गेले. मी पर्समधून मोबाइल काढला आणि सरांना लावला. ते उत्साहात होते. छपाईवाल्याशी बोलणं झालं होतं. मी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, “सर, पाचवं प्रकरण काढावं लागेल. सत्तेचाळीसचा आकडा खोटा आहे. द्रावणात साखर होती.”

“साखर? कुठून आली?”

“चहाची.”

“तुमच्या अटेंडंटने घातला का हा घोळ? लेखी घे त्याच्याकडून. मुदतवाढ मागायला कागद लागेल. त्याच्याशिवाय एक दिवस मिळणार नाही, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे, सर.”

“मग घे लिहून. त्याचं काय जातंय.”

आत मामा भट्टीचा दरवाजा उचलून लावत होते, त्याचा आवाज आला. मला मार्च दिसत होता, विद्यापीठाचं पत्र दिसत होतं, पुढच्या जूनची सकाळची गाडी दिसत होती. एक सही. मी मागितल्याक्षणी मामांनी दिली असती.

“ते त्या दिवशी रजेवर होते, सर,” मी म्हणाले. “बीकर मी धुतला नव्हता.”